मागचा डावा फुगा

धैर्यशीलराव चेअरमनांची वीस वर्षांची परदेशी गाडी स्प्रिंगांवर नव्हे, हवेच्या चार रबरी फुग्यांवर उभी असे. हल्ली ती रोज सकाळी मागून बसलेली दिसायची. मिरजेत दस्तगीर मिस्त्रीच्या गॅरेजात पाय ठेवताच चेअरमनांनी निकाल देऊन टाकला.

"दोन कंप्रेसर बदलले, तीन ड्रायव्हर बदलले. हा चौथाही गाडी आपटतो. उद्यापासून याला घरी बसवतो. तुम्ही नवा कंप्रेसर टाका."

चौथा ड्रायव्हर पोपट खाली मान घालून उभा होता.

दस्तगीरनं बादलीत साबण कालवला आणि चारही फुग्यांवर ब्रश फिरवला. तीन गप्प राहिले. मागच्या डाव्यावर बुडबुडे येऊ लागले.

"रबर जुनं होऊन चिरलंय, साहेब. इथून हवा जाते, आणि ती भरता भरता कंप्रेसर जळतो."

"मग इतक्या जणांना हे दिसलं कसं नाही?" चेअरमन गुरकावले.

दस्तगीरनं शांतपणे हात पुसले. "दिसलं असेल की. पण बिघाड तुमच्याच सीटखाली आहे, हे तुम्हाला सांगायची छाती कुणाची झाली नसेल."

नवा फुगा येईपर्यंत गाडी पोपटच चालवत राहिला. चेअरमन मागची डावी सीट सोडून पुढे, त्याच्या शेजारी बसू लागले.