राजाच्या टकलावर लेप

तांबेगडच्या राजाने गावचं तळं हुकूमचंद शेठला विकून टाकलं. शेठ घागरीमागे पैसे घेऊ लागला, तशी गरिबांची घरं तहानलेली राहू लागली. लोक दरबारात रडले.

राजा म्हणाला, "वरचा श्रीमंत झाला की पैसा आपोआप खाली झिरपतो. धीर धरा!"

पुढच्याच आठवड्यात राजाच्या पायाच्या अंगठ्याला विंचू चावला. भिवरा वैदीण धावत आली आणि तिने वाटीभर लेप राजाच्या टकलावर थापला.

"अगं बये, आग पायाची होतेय!" राजा किंचाळला.

"धीर धरा, महाराज. आपोआप खाली झिरपेल."

राजा एका पायावर नाचत ओरडला, "तळं गावाला परत दिलं! आता तरी लेप खाली लाव!"

दुपारपर्यंत राजाची आग शमली आणि गावच्या घागरी फुकटात भरल्या.