ठमी शिंपिणीची पानं

त्या राज्यात कोण किती उंच उडतं, हे कोणी विचारत नसे. उडताना अंगावर काय होतं, एवढंच विचारत. गरुड एकदा ढगांच्या पलीकडे जाऊन आला, तेव्हा खाली सगळे एवढंच बोलले, की मागच्या ऋतूची शेपटी लावून गेला होता.

अशा राज्यात ठमी शिंपिणीला मान होता, यात नवल नाही. शिंपीण म्हणजे पानं शिवून घरटं करणारी, चिमणीहूनही लहान अशी हिरवट पाखरी. ठमी घरट्याबरोबर अंकही शिवायची. सागाची पानं दगडाखाली दाबून वाळवायची, गळालेली पिसं डिंकाने त्यांवर चिकटवायची, तांबटाने गळ्याला कुंकू कुठवर लावलं ते काट्याने कोरायची, आणि बारा-बारा पानं शिवून ऋतूला एका अंकाच्या पाचदहा प्रती काढायची.

अंक वडावर पोचला की तिथले व्यवहार थांबत. पारवीण अंडी उबवता उबवता वाचे आणि नवऱ्याची पाळी आली तरी उठत नसे. घुबडशास्त्री वेदान्ताच्या जाड पोथीत अंक घालून वाचत आणि मधूनच "ब्रह्म, ब्रह्म" म्हणत. ठमीची शेजारीण मंजुळा साळुंकी आवडलेलं पान फाडून ठेवी आणि पुढच्याला सांगे, की अंक असाच आला. शेवटी जीर्ण अंक कुणाच्या तरी पिल्लांखाली अंथरला जाई. पिल्लंही आधी चित्रं बघत, मग घाण करत.

मग मासे टिपणाऱ्या खंड्याने तळं उघडलं.

तळं आधीपासून होतंच. खंड्याने फक्त शेवाळ काढलं आणि दवंडी पिटली, की वरून जाणारा प्रत्येक पक्षी इथे दिसेल, क्षणाक्षणाला नवा, आणि फुकट. शिवाय काठावर बसणाऱ्याला त्यांच्यात आपणही दिसे. ही सोय अंकात नव्हती.

वड ओस पडला. सगळे काठावर माना वाकवून बसले. पाण्यात पिवळा गळा दिसला म्हणून साळुंक्यांनी हळदीत लोळून यावं, तोवर तिथे निळा गळा आलेला असे. दुपारपर्यंत निम्मं राज्य अर्धवट रंगलेलं आणि निम्मं अर्धवट उपटलेलं असे.

"ठमे, तुझ्या पानात हलतं काय?" मंजुळेने एकदा विचारलं.

"वारा आला तर कोपरा हलतो."

"तेच म्हणते मी."

ठमीही एकदा तळ्यावर जाऊन आली. सकाळपासून बसली, चारपाचशे पेहराव पाहिले. परतताना त्यातला एक तरी आठवावा म्हणून तिने डोकं खाजवलं, पण आठवलं एवढंच, की पाण्यात आपण जाड दिसतो.

पुढच्या ऋतूचा अंक कोणी मागितलाच नाही; एक प्रत रात्रीत कुठे गेली, ते कळलं नाही. मुंग्या तेवढ्या येऊन डिंक चाखून गेल्या. ठमीने धंदा सोडायचं ठरवलं. पण सुई बाजूला ठेवावी म्हटलं तर तीही सोय नव्हती; सुई तोंडालाच होती. मग ती दिवसभर काहीतरी शिवे आणि उसवे, आणि आपल्याला काही वाईट वाटत नाही, असं येणाऱ्याजाणाऱ्याला आपणहून सांगे.

अशात मंजुळेच्या रेणूचं लग्न ठरलं. मंजुळेला तळ्यात एक पेहराव दिसला होता, राखी अंग आणि डोळ्यामागे रंगीत किनार. लेकीला दाखवायला हाक मारली, तोवर पाणी हललं.

"खंडेराव, ते मघाचं परत दाखवा ना."

"मघाचं पाणी मघाशीच गेलं, बाई. हे बघा, याहून छान आहे."

चार दिवस हेच चाललं. किनार केशरी होती असं मंजुळा म्हणे, गुलाबी होती असं रेणूची मावशी म्हणे, आणि किनार नव्हतीच असं वरमाय म्हणे. सगळ्यांचं ऐकता ऐकता रेणूच्या अंगावर तीन रंग चढले आणि डोक्यावर पीस उरलं नाही. लग्न उद्यावर आलं, तेव्हा लेकीला पुढे ढकलत मंजुळा ठमीच्या दारात आली.

बोलण्यासारखं ठमीकडे पुष्कळ होतं. दोन ऋतू घोकून ठेवलं होतं. पण ते गुळगुळीत डोकं समोर आलं आणि तिने सगळं गिळलं. जुने अंक काढून मुंग्या फुंकरल्या.

रेणूने पहिली पानं तळ्यावरच्या सवयीने भराभर उलटली. मग वेग कमी झाला. एका पानावर ती थांबली. कुणी जुनी साळुंकी होती, साधी तपकिरी, पंखाच्या घडीवर फक्त दोन पांढरी पिसं. रेणू पाणी पिऊन आली, पान तिथेच होतं. बाहेर फांदीवर एक फेरी मारून आली, तरी तिथेच होतं.

"हे जात नाही का?" तिने विचारलं.

"फाडलं तर जातं," ठमी म्हणाली. मंजुळा दुसरीकडे बघू लागली.

तिघींनी मिळून रंग धुतले. टकलासाठी ठमीने पिंपळपानाची टोपी शिवली. मांडवात नवरी आली आणि वऱ्हाडातल्या उपटलेल्या डोक्यांनी आधी टोपीची चौकशी केली, मग अंकाची. तो अंक मंजुळेने दोन दिवसांत परत देते म्हणून नेला आहे.

पुढच्या ऋतूचे अंक दुपारच्या आत संपले. तळ्यावरची गर्दी काही हटली नाही. फक्त काहींच्या पंखाखाली आता अंक असे. आणि मग खंड्याचं बोलावणं आलं.

तळं ज्याचं, राज्य त्याचं. ठमी नव्या अंकाची एक प्रत घेऊन, घाबरतच तळ्याच्या दरडीतल्या त्याच्या बिळात शिरली. आत माशांचे काटे आणि ओल. खंड्या तिला पार आत घेऊन गेला. तिथे कोरडी वाळू पसरली होती. उंच कोनाड्यात तिचे अंक ऋतुवार लावलेले होते, आणि दर दोन अंकांमध्ये कडुनिंबाचा पाला होता.

"वाळवी फार आहे इथे," खंड्या कुजबुजला. "ठमाबाई, तुमचा पहिल्या ऋतूचा अंक तेवढा नाही माझ्याकडे. मिळाला तर बघा. आणि हळू बोला, वर काठावर ऐकू जातं."

ठमीने नवा अंक पुढे केला. खंड्याने तो लगेच घेतला नाही. जन्मभर पाण्यात सूर मारलेली ती चोच त्याने आधी वाळूवर पुसली. मग पंखाला पुसली. ती पुरती कोरडी होईपर्यंत तो थांबला, आणि मग अगदी टोकाने त्याने पहिलं पान उलटलं.