कोंबड्याला उठवणारा भोंगा

लई जुनी गोष्ट आहे. कौलांच्या कारखान्याचा भोंगा रोज पहाटे बोंबलायचा. शेजारच्या कोंबड्याची नुसती जळायची. "गावाला उठवतो मी, अन् नाव या पत्र्याचं!"

एक दिवस कारखाना बंद पडला. कोंबडा जाम खूश झाला.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली, तरी अख्खं गाव घोरत होतं. कोंबडापण घोरत होता.

कोंबडीनं टोच मारली. "अहो बांगबहाद्दर, तुम्हाला रोज कोण उठवायचं, कळलं का? तो बघा, भंगारवाला शिडी घेऊन भोंगा काढायला आलाय!"

कोंबडा धावत भोंग्यावर चढला आणि असा कोकलला, की गाव चादरीसकट पळत आलं.

"शिडी काढा त्याची!" कोंबडा ओरडला. "भोंगा गेला तर मला कोण उठवणार?"

आता गावकरीच आळीपाळीनं रात्रभर जागून पहाटे भोंग्याचं हँडल फिरवतात. मग कोंबडा जागा होतो, आरवतो आणि तुरा ताठ करून विचारतो, "उठवलं की नाही सगळ्यांना?"