ना आपला, ना परका

"साक्षीदार आण! पण तो आमच्या राज्यातला नको आणि परक्या राज्यातलाही नको. उद्या दरबार भरेपर्यंत आणला नाहीस, तर गाढवावरून धिंड काढीन!"

उंबरगडचा राजा भद्रसेन गरजला. समोर उभी होती भिवरा, शेजारच्या नांदूर राज्याच्या दूताबरोबर आलेली पाणी भरणारी बाई. तिचा गुन्हा एवढाच, की चौकातल्या विहिरीचं पाणी तिनं वेशीशी बसलेल्या एका तहानलेल्या म्हाताऱ्याला पाजलं होतं. तो म्हातारा विहिरी खणणाऱ्यांपैकी. ती माणसं वेशीबाहेर राहायची. शहरातल्या विहिरी त्यांनीच खणायच्या, पण पाणी लागलं की पुन्हा त्या विहिरीला हात लावायचा नाही की वेशीच्या आत यायचं नाही, अशी तिथली रीत!

"ज्यांनी खणली त्यांनाच पाणी नाही? रीत कसली, हा निर्लज्जपणा आहे!" भिवरा भर चौकात बोलली होती.

प्रधान त्र्यंबकपंत तेव्हापासून धुमसत होते. तिला दरबारात उभं केल्यावर ते उसळले. "ही परकी बाई! हिला आमची संस्कृती काय कळणार? आकसानं बोलते आहे! हिच्या राज्यात काय सगळं सोन्याचं आहे?"

"नाही हो, प्रधानजी," भिवरा म्हणाली. "आमच्याकडेही घाण आहे. तिथंही मी अशीच बोलते, म्हणून तर मला इकडं धाडलं!"

नांदूरच्या दूतानं कपाळाला हात लावला.

"मग महाराज, तुम्ही ऐकणार तरी कुणाचं?" भिवरानं विचारलं. "तुमच्यातलं कुणी बोललं तर?"

"तर तो फितूर!" राजा म्हणाला.

"आणि बाहेरचं कुणी बोललं तर?"

"तर तो द्वेष्टा!"

"वा! म्हणजे कान आहेत ते फक्त भिकबाळीसाठी!"

यावरच राजा भडकला आणि ही रीत वाईट असल्याची साक्ष देणारा आणायची ती अट त्यानं घातली.

भिवरा तडक वेशीबाहेरच्या वस्तीत गेली. तो म्हातारा, लिंबाजी, झोपडीपुढं बसला होता. तिचं म्हणणं ऐकून तो मागं सरकला.

"नको गं पोरी. तू उद्या तुझ्या गावाला जाशील. मला इथंच राहायचंय. माझी कातडी सोलतील."

"खरं आहे, बाबा. मी बळजबरी करणार नाही," भिवरा म्हणाली आणि त्याच्याजवळ बसून राहिली.

शेवटी लिंबाजीच बोलला. "माझा भाऊ त्या चौकातल्या विहिरीत दरड कोसळून गेला. त्याच्या बायकोनं घोटभर पाणी मागितलं, तर तिला हाकलून दिलं... येतो मी. व्हायचं ते होऊ दे."

दुसऱ्या दिवशी भिवरा दरबारात एकटीच आली. "महाराज, साक्षीदार वेशीशी उभा आहे. त्याला आत यायला बंदी आहे, म्हणून तुम्हालाच यावं लागेल."

राजाला कुतूहल वाटलं. तो घोड्यावर बसला आणि सगळा लवाजमा वेशीशी गेला. लिंबाजीला पाहताच प्रधान ओरडले, "हा? हा आमच्यातला नव्हेच! याला आम्ही वेशीच्या आतही घेत नाही!"

"मग परका असेल," भिवरा म्हणाली.

"परका कसा? याचे आजे-पणजे इथंच जन्मले, इथंच मेले!"

"ऐकलंत, महाराज? हा तुमच्यातला नाही आणि परकाही नाही! तुमच्या प्रधानांनीच शिक्कामोर्तब केलं!"

राजाच्या ओठांचा कोपरा हलला. "बोल रे," तो लिंबाजीला म्हणाला. "कुणी तुझ्या केसालाही धक्का लावणार नाही."

लिंबाजीनं हात जोडले. आधी भावाची हकिगत सांगितली. मग म्हणाला, "चौकातल्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा तळाशी मीच होतो, महाराज. पहिली ओंजळ मीच प्यालो. गढूळ होतं, पण गोड. वर आलो तर गावातले लोक म्हणाले, तू शिवलास तर विहीर बाटेल."

"अगंबाई!" भिवरानं गालावर हात ठेवला. "म्हणजे प्रधानजी, तुम्ही इतकी वर्षं लिंबाजीबाबांचं उष्टं पाणी पिताय! आणि सोवळं नेसून पूजेलाही तेच नेताय!"

लवाजम्यात खसखस पिकली. त्र्यंबकपंत लालबुंद झाले.

राजा मात्र बराच वेळ लिंबाजीच्या हातांवरच्या घट्ट्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजपासून विहिरी यांना खुल्या! आणि वेसही!"

"महाराज!" प्रधान कळवळले. "एका परक्या बाईच्या टीकेपुढं आपण वाकलो, असं जग म्हणेल! आपली अब्रू जाईल!"

"कोण परकी बाई?" भिवरा म्हणाली. "मी तर फक्त पाणी पाजलं. साक्ष दिली लिंबाजीबाबांनी, आणि वेस खुली झाली म्हणजे ते आता तुमच्यातलेच! जगाला सांगा, आमच्याच माणसानं आमचे कान उपटले!"

राजा असा हसला, की घोडा बिचकून दोन पावलं मागं सरला! हसता हसताच त्यानं गळ्यातला कंठा काढून भिवराच्या हातावर ठेवला, आणि विहिरीवरून पहिली घागर भरून लिंबाजीच्या दारी पोचवायचा हुकूम केला. ती डोक्यावरून नेण्याचा मान मिळाला त्र्यंबकपंतांना!