बसवंतशेठांचा उजवा हात

एका नदीकाठच्या पेठेत एकदा एक हळदीचा व्यापारी राहत असे. त्याचे नाव बसवंतशेठ. हळकुंड चिमटीत धरून मोडायचे, आतला रंग पाहायचा आणि सबंध पोत्याचा भाव सांगायचा, ही त्यांची रीत. जुन्या चालीप्रमाणे सौदाही ते रुमालाखाली हात धरून, बोटांच्या खुणांनी करीत. तोंडाने ते फारच थोडे बोलत.

एका सकाळी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वेळेवर उपचार मिळाले म्हणून जीव वाचला. वाचाही परतली, काठी घेऊन चालताही येऊ लागले. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर तिथेच पडून राही. त्यांच्या पत्नी, गौराक्का, दोन्ही वेळा त्यांना आपल्या हाताने भरवू लागल्या. मुलगा अंघोळ घाली, धोतर नेसवी. घरच्यांच्या मायेत कुठेही उणे नव्हते. तरीही दोन महिन्यांत शेठजींचे वजन सात किलोंनी उतरले.

त्या पेठेत एक वयोवृद्ध डॉक्टर होते. त्यांना सारे अण्णा म्हणत. त्यांच्या दवाखान्यात यामिनी नावाची तरुण डॉक्टर अनुभवासाठी राहिली होती. शेठजींची जबाबदारी अण्णांनी तिच्याकडे सोपवली होती, आणि या अबोल म्हाताऱ्यावर तिचा जीव जडला होता. तिने रक्त तपासले, औषधे बदलून पाहिली. वजन का उतरते, हे काही उमगेना. अखेर तिने अण्णांना सांगितले की आता औषधाचे काम संपले आहे. जेवणे, कपडे घालणे अशी रोजची कामे पुन्हा शिकवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधला पाहिजे. तिने मोठ्या शहरांतल्या पाच संस्थांची यादीही करून आणली होती. कोणाकडे किती यंत्रे आहेत, हेसुद्धा तिने विचारून घेतले होते.

अण्णांनी यादी हातात घेतली, घडी घातली आणि न वाचताच तिला परत दिली.

“उद्या दवाखान्यात येऊ नकोस,” ते म्हणाले. “शेठजींच्या घरी जा आणि दिवसभर बसून राहा. रक्तदाबाचं यंत्रसुद्धा नेऊ नकोस. त्यांचा हात कुठं कुठं जायला बघतो, तेवढं पाहा.”

यामिनीला हे विचित्र वाटले, थोडा रागही आला. रोगी रोज खंगतो आहे आणि आपण ओसरीवर बसून राहायचे? पण अण्णांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. ती गेली.

सकाळी मुलगा धोतर नेसवत असताना शेठजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेले तिला दिसले. दुपारी गौराक्का पाटाशेजारी बसून भाकरीचा घास भरवू लागल्या. अर्धी भाकरी झाली आणि शेठजींनी मान हलवली. गौराक्कांनी आर्जव केले, तरी तोंड उघडले नाही. गौराक्का आत वळल्यावर त्यांनी भुकेल्या नजरेने उरलेल्या अर्ध्या भाकरीकडे पाहिलेले यामिनीने पाहिले. थोड्या वेळाने एक ओळखीचा शेतकरी हळदीचा नमुना घेऊन दारात आला, तेव्हा शेठजींनी डाव्या हाताने उजवा हात उचलून उपरण्याखाली दडवला. तो गेल्यावर मात्र तोच हात त्यांनी नमुन्याच्या पिशवीत घातला. बोटे हळकुंडावर टेकली, घसरली, पुन्हा टेकली. कितीतरी वेळ ते तसेच बसून होते.

संध्याकाळी यामिनीने अण्णांना सारे सांगितले. “त्यांची भूक गेलेली नाही, अण्णा. भरवून घ्यायला नको म्हणून ते कमी जेवताहेत.”

“आता शोध,” एवढेच अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने यादीतल्या पहिल्याच संस्थेला पुन्हा फोन लावला. या खेपेला यंत्रांची चौकशी केली नाही. पाटाबद्दल, धोतराबद्दल आणि पिशवीतल्या हाताबद्दल सांगितले. तिथल्या ज्येष्ठ बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या की या माणसाला इथे आणून ठेवण्यापेक्षा त्याच्या घरी जाणारे कोणी हवे. त्यांच्याकडे शिकून गेलेली एक मुलगी त्याच पेठेत काम करते. तस्लीम मुल्ला तिचे नाव.

यामिनी थक्क झाली. तस्लीम काम करायची ती पिठाच्या गिरणीमागची खोली दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर होती. तिथे जाऊन तिने तस्लीमची पदवी आणि नोंदणी नीट पाहिली, अनुभव विचारला. मग शेठजींविषयी सांगायला तोंड उघडले, तोच तस्लीमने विचारले, “जेवायला कुठं बसतात? पाटावर का खुर्चीवर?”

यामिनीला उत्तर ठाऊक होते. पाटाची उंची किती, भिंत किती मागे, ताट कोणत्या बाजूला, तिने सगळे सांगितले. तस्लीम म्हणाली, “मग उद्या जेवणाच्या वेळेलाच येते.”

दुसऱ्या दिवशी तस्लीमने शेठजींना पाठीशी टेकण देऊन बसवले, हाताखाली उंच चौरंग सरकवला. चमच्याच्या दांड्याला जाडसर कापड गुंडाळून तो त्यांच्या मुठीत दिला आणि ताटाऐवजी उंच काठाची परात पुढे ठेवली. पहिला घास तोंडापर्यंत पोचलाच नाही. भात उपरण्यावर सांडला. गौराक्का पुढे झाल्या, तेव्हा तस्लीमने त्यांचा हात मायेने आपल्या हातात धरून ठेवला. गौराक्का रडू लागल्या. त्या दिवशी चार घास खायला पाऊण तास लागला, पण वाढलेला भात संपला. शेठजी म्हणाले, “पोरी, अजून थोडा वाढ.”

पुढे तीन महिने तस्लीम येत राहिली. हात पूर्वीसारखा झाला नाही. हळकुंड शेठजी आता उजव्या मुठीत धरत आणि डाव्या हाताने मोडत. पण जेवण स्वतःचे स्वतः होऊ लागले, धोतराऐवजी नाडीचा लेंगा स्वतः चढवता येऊ लागला. आणि एके दिवशी ते काठी टेकत दुकानाच्या गादीवर जाऊन बसले.

ही बातमी घेऊन यामिनी अण्णांकडे आली. आनंद सांगून झाल्यावर तिने मनात साचलेला प्रश्न विचारला. “तुम्ही रोज त्या गिरणीवरून फिरायला जाता. तस्लीम तुम्हाला माहीत नव्हती, असं होणार नाही. मग मला नाव का सांगितलं नाही?”

अण्णा हसले. “माहीत होती ना. पण त्या दिवशी नाव दिलं असतं, तर तू ‘उजवा हात, अर्धांगवायू’ अशी चिठ्ठी लिहून मोकळी झाली असतीस. आपण दोन महिने त्या हाताला औषध दिलं, बाळ. तो हात त्यांना कशासाठी हवा आहे, हे आपल्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं. मीही नाही. तू यंत्रं मोजत आलीस, तेव्हा माझी चूक मला दिसली. काय हवं ते कळल्याशिवाय शोधायला निघालं, की माणूस लांब लांब फिरत राहतो. तुला ते एका दिवसात कळलं, म्हणून तस्लीम दहा मिनिटांवर सापडली.”

यामिनी तपासणीच्या टेबलाशी जाऊन बसली. बाहेर रोग्यांची रांग लागली होती. पहिल्या आल्या त्या संधिवाताने आखडलेल्या बोटांच्या एक आजी. यामिनीने नेहमीप्रमाणे पेन उचलले, क्षणभर थांबली आणि ते खाली ठेवले.

“आजी,” तिने विचारले, “सकाळी उठल्यावर पहिलं काम काय करता तुम्ही?”

आजी सांगू लागल्या. बराच वेळ सांगत राहिल्या, आणि यामिनीने त्यांना मध्येच थांबवले नाही.