एक हात वर

नदीच्या अलीकडं होतं आंबेनगर, पलीकडं जांबेनगर. आंबेनगरचा राजा उदाजी, जांबेनगरचा राजा हंबीर. आणि आंबेनगरच्या वेशीला टेकून एका खोपटात राहायचे भिवजी पाथरवट आणि त्याची लेक धुरपी. राजांकडं हत्ती-घोडे, हंड्या-झुंबरं, सगळं होतं. फक्त डोळ्याला डोळा लागत नव्हता, आणि तो वेशीपायी!

हंबीरानं वेस बांधली वीस हात उंच. उदाजीनं आपली केली एकवीस. त्यानं बावीस, यानं तेवीस. असं करत करत दोन्ही वेशी चाळिशीला टेकल्या. खालून जाणारी माणसं मात्र होती तेवढ्याच उंचीची राहिली.

वेशीजवळची विहीर कधीच ढासळली होती. बायका कोसभर लांबून पाणी आणायच्या. कुणी विहिरीचं काढलं, की कारभारी अप्पाजी म्हणायचे, "पुढच्या साली बघू. यंदा सगळा कर वेशीला लागलाय."

एक दिवस हंबीराची वेस झाली एक्केचाळीस हात. उदाजीनं भिवजीला दरबारात बोलावलं.

"भिवजी, अजून दोन हात चढव."

"महाराज, आणखी एक थर चढवला तर वेस खाली येईल. पाया वीस हातांच्या वेशीचा आहे."

"मला कारणं नकोत. जांबेनगर कायम वर-वर चाललंय. महिनाभरात वेशीपाशी आपलं नगर त्यांच्यापेक्षा एक हात वर पाहिजे, आणि कायमचं पाहिजे. नाही झालं, तर खोपट मोड आणि नगराबाहेर हो!"

भिवजी मान खाली घालून उभा राहिला. या वयात जाणार कुठं? मागून धुरपी पुढं आली.

"महाराज, हात कुणाचा धरायचा?"

"म्हणजे?"

"मापाचा हो. एक हात वर म्हणता, तर तो कुणाचा? आबांचा आखूड आहे, कारभाऱ्यांचा लांब आहे."

दरबारात दोघं-तिघं खोकले. अप्पाजींनी हात उपरण्यात घेतले.

"कुणाचाही धर गं," उदाजी म्हणाला. "पण वर पाहिजे."

"आणि वेशीपाशी?"

"वेशीपाशी."

"मग आबा नको, मीच करते. वेशीसाठी आणलेला दगड तेवढा माझ्या ताब्यात द्या, आणि महिनाभर कुणी मधे बोलायचं नाही."

दगड मिळाला. धुरपीनं वेशीला हातसुद्धा लावला नाही. गावच्या बाया-माणसं गोळा केली, विहिरीतला गाळ उपसला, आणि भिवजीकडून तळापासून काठापर्यंत नवं बांधकाम करून घेतलं. आठव्या दिवशी झरे मोकळे झाले. मग तिनं विहिरीजवळ, ऐन वेशीत, चार रांजण पुरले आणि वर मांडव घातला.

अप्पाजी राजाकडं धावले. "महाराज, पोरीनं वेशीचा दगड विहिरीत घातला!"

"महिना संपू दे," राजा दात खाऊन म्हणाला.

महिना संपला. चैत्रातलं ऊन, भर दुपार. उदाजी वेशीपाशी आला. वेस होती तेवढीच.

"पोरी, कुठाय माझा एक हात?"

"येतोय महाराज. नदी ओलांडतोय."

खरंच, समोरून हंबीर राजा घोड्यावर येत होता. उदाजीची वेस वाढली का, ते बघायला. वाढली नाही असं बघून तो खदखदा हसला. हसता हसता घसा कोरडा पडला. जांबेनगरातल्या विहिरी तरी कुठं धड होत्या? तिथला करही सगळा वेशीतच गेला होता.

"पोरी, पाणी मिळेल का गं?"

"मिळेल की! खाली उतरा, वाका, ओंजळ धरा."

हंबीर उतरला, वाकला, ओंजळ तोंडाशी धरली. धुरपीनं गार पाण्याचा तांब्या उदाजीच्या हातात दिला.

"पाहुण्याला पाणी तुम्हीच घाला, महाराज."

राजा पाणी ओतू लागला. धार लागली, हंबीर घटाघटा पिऊ लागला. तेवढ्यात धुरपीनं बापाची मोजकाठी काढली, आणि ओतणारा हात नि ओंजळ यांच्या मधे उभी धरली.

"मोजा, कारभारी. किती?"

अप्पाजींनी वाकून पाहिलं. "एक हात."

"आणि वर कोण?"

"आंबेनगर."

हंबीर मिशांवरचं पाणी पुसत ताठ झाला. "असं होय! उद्याच माझी वेस चार हात वाढवतो."

"दहा वाढवा," धुरपी म्हणाली. "ऊन लागलं की वाकायला इथंच याल."

"आणि मीही विहिरी बांधल्या तर?"

"मग आमचे महाराज तहानले की तुमच्याकडं येतील. तेव्हा तुमचा हात वर."

उदाजी इतका हसला की तांब्या हातातून पडला. त्याला बघून हंबीरही हसला, आणि दोघांनी मिळून अजून एक तांब्या रिकामा केला.

"पण पोरी," डोळे पुसत उदाजीनं विचारलं, "एवढ्या मोठ्या विहिरीला दगड पुरला?"

"पुरला, आणि उरलासुद्धा. वेशीलाच दर साली नवा दगड का लागायचा, कोण जाणे. आबा दर दगडावर मासळीची खूण कोरतात. वेशीसाठी कोरलेल्यांपैकी वेशीवर तीनशेच मासळ्या आहेत. बाकीच्या मला कारभाऱ्यांच्या नव्या माडीत पोहताना दिसल्या."

अप्पाजींनी दोन्ही हात वर केले.

त्याच दिवशी कारभाऱ्यांची माडी, मासळ्यांसकट, भिवजीच्या नावे झाली. धुरपीला नगराच्या बांधकामावर नेमलं. तिची मोजकाठी येऊन टेकल्याशिवाय खजिन्याचं कुलूप निघेना. आणि भिवजी? तो रोज सकाळी माडीत बसून पाणी प्यायचा नि भिंतीवरच्या आपल्या मासळ्या मोजायचा. एकही कमी भरली नाही.