गुलबक्षीतली परी आणि शेंगदाण्याएवढं यंत्र

पोपटवाडीत गुलबक्षी उमलली की संध्याकाळ झाली असं समजायचं. आधी राणी रंगाच्या कळ्या उमलायच्या, मग पिवळ्याधमक, आणि सगळ्यात शेवटी त्या लाडावलेल्या ठिपकेवाल्या, ज्यांच्या एकाच फुलात दोन्ही रंग सांडलेले असतात. नीट बसा बरं. आणि मध्ये मध्ये "मग? मग?" करू नका, मला पुढचं आठवत नाही.

तर या पोपटवाडीत एका खोलीच्या घरात कुंदा राहायची. वडील देवाघरी गेलेले. आई देवळाच्या पायऱ्यांवर बसून फुलांच्या वेण्या विकायची. घराच्या मागे गुलबक्षीची झुडपंच झुडपं होती. तिच्या फुलांना लांब लांब दांड्या असतात, त्या एकमेकींत गुंफल्या की दोरा नको, सुई नको, वेणी आपोआप तयार. कुंदा रोज संध्याकाळी फुलं खुडायची आणि तिची धाकटी बहीण बनी ओच्यात गोळा करायची.

बनी फार गोड पोर. गोबरे गाल, चिमुकली पावलं, कपाळावर भुरुभुरु उडणाऱ्या बटा. पण हाक मारली की वळायची नाही. सगळे म्हणायचे, हट्टी आहे, शेफारली आहे. एकदा मागून बैलगाडी आली, गाडीवान ओरडून ओरडून थकला, आणि ही आपली रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसून मुंगळा बघतेय. आईने धावत जाऊन ओढलं म्हणून वाचली. त्या दिवशी आईच्या लक्षात आलं, की पोर हट्टी नाही, तिला ऐकूच येत नाही. तेव्हापासून आई बनीला एक क्षण नजरेआड करेना. वेण्या विकताना एक हात वेणीला आणि एक हात बनीच्या झग्याला.

तालुक्याच्या डॉक्टरांनी दाखवून सांगितलं, कानात घालायचं असं एक यंत्र मिळतं, त्याने ऐकू येईल. आईने किंमत विचारली, आणि बनीला कडेवर घेऊन तशीच परत निघाली. घरी आल्यावर शेजारच्या सगुणाकाकूंजवळ मात्र तिने मन मोकळं केलं. सगुणाकाकू मनाच्या चांगल्या, पण जिभेला हाड नाही. त्या म्हणाल्या, शेंगदाण्याएवढी वस्तू आणि म्हशीएवढी किंमत? लुबाडतात गं मेले. सोन्याची सुरी म्हणून कुणी उरात खुपसून घेतं का? आईने डोळ्यांना पदर लावला.

कुंदाने दाराआडून सगळं ऐकलं आणि तिचा जो गोंधळ उडाला तो उडालाच. कारण याच सगुणाकाकू महिन्यापूर्वी चकचकीत मोबाइल घेऊन आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या होत्या, महाग आहे म्हणजे चांगलाच असणार. मग महाग म्हणजे चांगलं, की महाग म्हणजे लबाडी? कुंदाने पुष्कळ डोकं खाजवलं. मला विचाराल तर मीही खाजवते अजून.

त्या संध्याकाळी झुडपात एक ठिपकेवालं फूल उमललंच नाही. कळी अर्धवट मिटलेली, आणि आत काहीतरी लुकलुकत होतं. वेणीला नेमकं एकच फूल कमी पडत होतं. कुंदाने हात पुढे केला, पण कळी थरथरली. आत कुणी अडकलं असेल तर? बिचारं घाबरलं असेल. कुंदाने वेणी तशीच अपुरी ठेवली, ओंजळीतून पाणी आणलं आणि कळीवर हळूच थेंब थेंब सोडलं.

पाकळ्या फुलल्या, आणि आतून एक एवढीशी परी बाहेर आली. गुलाबी झगा, पिवळे पंख, पंखांवर परागाची चमचम. मुकुट मात्र वाकडा झालेला. बाहेर येऊन आधी ती शिंकली. म्हणाली, नवीन आहे मी, उमलायची वेळ चुकली माझी.

परीने मग आपली अडचण सांगितली. परीराणीला म्हणे माणसांचं एक कोडं सुटत नव्हतं. माणसं झगमगत्या यंत्रांना एवढाले पैसे मोजतात, चार दिवस कुरवाळतात आणि पाचव्या दिवशी दुसऱ्याच यंत्राकडे बघत बसतात. ती यंत्रं एवढ्या किमतीची असतात की नसतात? हे शोधायला या परीला पाठवलं होतं, पण तिला स्वतःला काडीचंही कळत नव्हतं.

"तू माझ्यासाठी वेणी अपुरी ठेवलीस," परी म्हणाली. "म्हणून तुला तीन वस्तू मागता येतील. पण नियम आहेत हं. मागितलेली वस्तू पहाटे मिळेल. दिवसभर वापरायची आणि गुलबक्षी उमलली की मला सांगायचं, पैसे वसूल की नाही. हो म्हणालीस तर कायमची तुझी. नाही म्हणालीस तर परत. आणि खोटं हो म्हणालीस, तर राहील तुझ्याकडे, पण कायमची बंद पडेल."

आणखी एक नियम पाकळीवर लिहिलेला होता, पण ती पाकळी चुरगळली होती. परीने ती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली, आणि लाजून मागे लपवली.

आता तुम्ही म्हणाल, कुंदाने लगेच ते कानातलं यंत्र मागितलं असेल. तुम्ही शहाणे, गोष्टीच्या बाहेर बसलात ना! कुंदाने विचार केला, शेंगदाण्याएवढ्या वस्तूने काय होणार, लबाडीच ती. बनीला ऐकू येत नाही, तर मोठ्ठ्या आवाजाची मोठ्ठी वस्तू हवी. पेठेतल्या काचेच्या दुकानात एक बोलणारी पेटी होती. काळीभोर, झळाळती, निळ्या दिव्यांची माळ ल्यालेली. गाणी म्हणायची, प्रश्नांची उत्तरं द्यायची. तिची किंमत बघून मोठी माणसंही पुढे सरकायची. कुंदाने तीच मागितली.

पहाटे उंबऱ्यावर पेटी हजर. आईने विचारलं तेव्हा कुंदाने खरं ते सांगितलं. आईने परी-बिरी काही मानली नाही. म्हणाली, कुणाची आहे ती संध्याकाळी परत ठेवून यायची. कुंदाने मान डोलावली आणि पेटीला सांगितलं, आमच्या बनीशी बोल. पेटी म्हणाली, मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा. कुंदाने पुन्हा सांगितलं. पेटीला पुन्हा समजलं नाही. शेवटी कुंदाने आवाज पार वाढवला. कोंबड्या छपरावर चढल्या, सगुणाकाकूंच्या हातून चहाचं आधण सांडलं. बनी मात्र पेटीला गाल लावून बसली, आणि आतली धडधड गालाला लागली की खुदुखुदु हसायची.

संध्याकाळी परीने विचारलं, वसूल? कुंदाने सगळा दिवस आठवून पाहिला. बनी हसली होती, हे खरं. पण ऐकलं काहीच नव्हतं, हेही खरं. आणि हसायचंच तर ती रिकाम्या डब्यावर ताल धरला तरी हसते. कुंदाने जड मनाने नाही म्हटलं. झळाळती पेटी आक्रसत आक्रसत गुलबक्षीचं काळं बी झाली आणि टपकन मातीत पडली.

दुसऱ्यांदा तिने मनगटावरचं घड्याळ मागितलं. चंदेरी पट्टा, काचेत इंद्रधनुष्य. घड्याळं जोडीने आली होती; कुंदाने आपल्या घड्याळातून हाक मारली की बनीच्या मनगटाला गुदगुल्या व्हायच्या. अगदी नामी युक्ती! गुदगुल्या झाल्या की बनी दुडुदुडु धावत यायची. मग गावातली पोरं जमली. ह्याने दाबलं, तिने दाबलं. बनी धावत यायची आणि काही कारणच नसायचं. दुपारपर्यंत तिला वाटायला लागलं की घड्याळच खोड्या काढतंय. तिने ते काढलं आणि शेळीच्या गळ्यात बांधलं. त्यानंतर हाक मारली की शेळी यायची.

तुम्ही हसताय, पण कुंदाला रडू येत होतं. घड्याळ चांगलं की वाईट, हेच तिला ठरवता येईना. कामाचं तर होतं. मग काम का झालं नाही? संध्याकाळी ती पुन्हा नाही म्हणाली. दुसरं काळं बी मातीत पडलं. आता एकच मागणं उरलं होतं.

कुंदाने खाली मान घालून म्हटलं, मग ते शेंगदाण्याएवढंच दे.

पहाटे उंबऱ्यावर गुलबक्षीच्या पानात एक मातकट रंगाची चिमुकली वस्तू होती. ना झळाळी, ना दिवे, ना इंद्रधनुष्य. कुंदाचा चेहरा पडला. याला म्हशीएवढी किंमत? पण आईने ते पाहिलं मात्र आणि पदराला हात पुसत पुढे आली. दिसायला तस्संच होतं, डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं. परक्याची वस्तू आहे, संध्याकाळी द्यायचीच आहे, असं म्हणत म्हणत तिने स्वतःच ते बनीच्या कानात बसवलं.

आणि बनीने भोकाड पसरलं.

चुलीवरचं झाकण पडलं, ती दचकली. कावळा ओरडला, ती आईच्या पदरात शिरली. सगळ्यात वाईट म्हणजे ती रडायची, तो रडण्याचा आवाज तिच्या स्वतःच्या कानात जायचा, त्याला घाबरून ती आणखी मोठ्याने रडायची. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःचं रडणं ऐकत होती. यंत्र उपटून फेकायची, आई पुसून पुन्हा घालायची. सगुणाकाकू दारात येऊन म्हणाल्या, बघ, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आईचेही डोळे भरून आले. शेवटी दमून बनी गोधडीवर झोपली. यंत्र कानातच राहिलं. काढायला गेलं तर जागी होईल म्हणून कुणी हातच लावला नाही.

कुंदा हळूच मागच्या दाराने गुलबक्षीकडे गेली. उन्हं कलली होती. राणी रंगाच्या कळ्या उमलल्या. मग पिवळ्या उमलल्या. ठिपकेवाल्या फुलातून परी आली, आणि तिचा मुकुट आजही वाकडाच होता.

"वसूल की नाही?" तिने विचारलं.

कुंदाला हो म्हणायचं होतं. फार फार म्हणायचं होतं. हो म्हटलं नाही तर यंत्र जाणार, आणि पुन्हा मागायची सोय नाही. आईचा एक हात जन्मभर बनीच्या झग्यालाच राहणार. पण हो कसं म्हणायचं? दिवसभर पोर रडली होती. हो खोटं निघालं, तर यंत्र बंदच पडणार. आणि नाही म्हणायला तर जीभच उचलेना.

"मला कळत नाही गं," कुंदा म्हणाली. "खरंच कळत नाही." आणि ती तिथेच झुडपापाशी बसून मुसमुसायला लागली. मोठ्याने रडली नाही, आईला ऐकू जाऊ नये म्हणून ओठ दाबून, अगदी बारीक आवाजात.

परीही गोंधळली. हो ठाऊक होतं, नाही ठाऊक होतं, कळत नाहीचं काय करायचं ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिने घाईघाईने ती चुरगळलेली पाकळी काढली आणि बोटांनी उलगडायला लागली.

तेवढ्यात कुंदाच्या गालाला मागून एक ऊबदार इवलासा हात लागला.

बनी होती. केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप, गोधडी मागे फरपटत आलेली. कुंदाची तर दाराकडे पाठ होती. बनीला कुणी उठवलं नव्हतं, कुणी खूण केली नव्हती. खोलीत झोपलेल्या पोरीने ते बारीकसं मुसमुसणं ऐकलं होतं, आणि त्या आवाजाच्या मागे मागे ती झुडपांतून वाट काढत आली होती. तिने कुंदाचे डोळे आपल्या झग्याला पुसले.

"ता," ती म्हणाली. ताई म्हणायला तिला अजून येत नव्हतं. मग स्वतःचाच आवाज ऐकून दचकली, थांबली, आणि पुन्हा म्हणून बघितलं. "ता."

कुंदाने तिला घट्ट कवटाळलं. दारात आई उभी होती. तिच्या एका हातात अर्धी वेणी होती. दुसरा हात मोकळा होता, आणि त्या हाताचं काय करावं हे तिला सुचत नव्हतं.

परीची पाकळी एकदाची सुलटी झाली होती. त्यावर सोनेरी, नाजूक अक्षरं चमकत होती. परीने ती अडखळत वाचली. जो न कळलेलं कळलं म्हणून सांगत नाही, त्याला वस्तू द्यावी, आणि कळेपर्यंत वेळही द्यावा.

"म्हणजे यंत्र तुमचंच," दारातल्या आईकडे बघून परी म्हणाली. "पण ती उद्याही रडेल हं. परवाही रडेल. आणि याला भिजू देऊ नका."

कुंदाने विचारलं, परीराणीला काय सांगशील? परीने मुकुट नीट केला आणि जरा विचार केला. म्हणाली, सांगेन की कोडं अर्धंच सुटलंय. किंमत दुकानात कळते, वसूल झाली का ते घरात कळतं, आणि तेही लगेच नाही. मग ती शिंकली. शिंकेबरोबर तिच्या पंखांतून गुलाबी उजेड उसळला, त्यात पिवळा मिसळला, सगळं झुडूप लख्ख झालं, बनीच्या बटाही लख्ख झाल्या. उजेड ओसरला तेव्हा फुलात फक्त पराग होता.

दुसऱ्या दिवशी कावळा ओरडला आणि बनी रडली. झाकण पडलं आणि रडली. तिने यंत्र काढून गोधडीखाली लपवून ठेवलं. सगुणाकाकू आल्या, महाग वस्तूंची ही अशीच गत म्हणाल्या, आणि आपला मोबाइल बिघडल्याची तक्रार करून गेल्या. आई वेणी गुंफत राहिली. तिने बनीला काही म्हटलं नाही.

मग उन्हं कलली, गुलबक्षी उमलायला लागली. कुंदा फुलं खुडत होती आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. दारात बसलेल्या बनीने तिचे हलणारे ओठ पाहिले. ती उठली, गोधडीखाली हात घालून यंत्र काढलं, कुंदाच्या तळहातावर ठेवलं, आणि आपला कान तिच्यापुढे केला.

झाली गोष्ट. राणी कळी उमलताना सुरू केली होती, ठिपकेवाली उमलेपर्यंत पुरली. आता उठा, हातपाय धुवा, आणि आई हाक मारेल तेव्हा पहिल्या हाकेला ओ द्या.